माध्यान्हीचा निकाल : इराणच्या सौर कालगणनेची प्रस्तावना

२० मार्च २०२५ रोजी तेहरानच्या घड्याळात दुपारचे १२ वाजून ३१ मिनिटे झाली तेव्हा सूर्य वसंतसंपातावर आला. इराणी घरांत नवे वर्ष लागले ते त्या क्षणी. माणसे हफ्त-सीनच्या मांडणीभोवती जमली होती, रेडिओ-टीव्हीवर क्षण मोजले जात होते आणि वडीलधारे मुलांच्या हातावर कोऱ्या नोटा ठेवत होते. कॅलेंडरवर मात्र तो दिवस जुन्याच वर्षाचा राहिला : ३० इस्फंद १४०३. नव्या वर्षाची पहिली तारीख, १ फरवर्दीन १४०४, उजाडली ती दुसऱ्या दिवशी, २१ मार्चला. तोच संपात बाराच्या आत झाला असता, तर २० मार्च हाच नवरोज ठरला असता आणि १४०३ हे वर्ष ३६५ दिवसांतच आटोपले असते. ३१ मिनिटांच्या उशिरामुळे त्या वर्षाला एक दिवस जास्तीचा मिळाला.

या कालगणनेचा सगळा कणा एवढ्या एका उदाहरणात दिसतो. नियम सांगायला सोपा आहे. ज्या दिवशी माध्यान्हीच्या आधी सूर्य संपात ओलांडतो तो वर्षाचा पहिला दिवस. माध्यान्हीनंतर ओलांडला, तर पहिला दिवस पुढचा. जुने ज्योतिषी हेच वेगळ्या शब्दांत मांडत : काल दुपारी सूर्य मीनेत होता, आज दुपारी तो मेषेत आहे, म्हणून आज नवरोज. दुपार कुठली, तर आता इराणच्या प्रमाणवेळेची, म्हणजे ५२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची. नियमाचा अर्थ नीट पाहिला की त्यातली सफाई लक्षात येते. आदल्या दुपारपासून त्या दिवसाच्या दुपारपर्यंत केव्हाही संपात झाला, तरी वर्ष सुरू होते ते त्या दोन दुपारांमधल्या मध्यरात्री. म्हणजे प्रत्येक इराणी वर्ष संपाताला सर्वांत जवळच्या मध्यरात्री सुरू होते. चूक कधीही बारा तासांपलीकडे जात नाही आणि साचतही नाही. आपण रोज वापरतो त्या ग्रेगरियन कॅलेंडरात हाच संपात चारशे वर्षांच्या चक्रात दोन दिवसांहून अधिक मागेपुढे हलतो. कधी १९ मार्चला येतो, कधी २१ मार्चला.

ग्रेगरियन वर्षात लीप वर्ष कोणते हे भागाकार करून कळते. चारने भाग जातो का, शंभरने जातो का, चारशेने जातो का, एवढे पाहिले की काम झाले. आकाशाकडे पाहण्याची गरज नाही. इराणी वर्षात असे सूत्र कायद्याने दिलेलेच नाही. १३७० हे लीप वर्ष होते, त्यानंतरचे पाच वर्षांनी, १३७५. मग चार-चार वर्षांनी १३७९, १३८३, १३८७, १३९१, १३९५, १३९९ आणि १४०३. यापुढचे लीप वर्ष १४०७ नसून १४०८ आहे. कारण गणितानुसार २०२९ सालचा संपात तेहरानच्या दुपारी बाराला सुमारे अर्धा तास बाकी असताना होणार आहे, त्यामुळे १४०७ ला जास्तीचा दिवस मिळत नाही. चार वर्षांची पायरी आणि मधूनच पाच वर्षांची, हा क्रम कोणी बसवलेला नाही. सूर्याच्या गतीमधून तो आपोआप उमटतो.

मराठी वाचकाला या विषयात शिरताना एक सोय आहे. संक्रांत म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. सूर्य एका राशीतून दुसरीत गेला की संक्रमण झाले, ही कल्पना आपल्या घराघरांत तिळगुळासह पोचलेली आहे. इराणी महिने मुळात असेच बारा संक्रमणांचे महिने आहेत. फरक आहे तो राशी कुठून मोजायच्या यात. आपली पंचांगे निरयन आहेत, ती राशिचक्र तारकांना बांधून ठेवतात. इराणी गणना सायन आहे. तिच्या दृष्टीने मेषेचा पहिला अंश म्हणजेच वसंतसंपात, मागे तारे कोणतेही असोत. पृथ्वीच्या आसाच्या संथ डोलण्यामुळे संपात तारकांमधून साधारण ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. म्हणून आपली मकर संक्रांत आज १४-१५ जानेवारीला येते, तर सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. महाराष्ट्रात या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठा वाद झाला. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा आग्रह धरला, तसे पंचांगही काढले. ऋतू आणि सण यांची फारकत होऊ नये, ही त्यांची तळमळ होती. दीक्षितांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासात या बाजूचे तर्क सविस्तर सापडतात. लोकांनी ते पंचांग स्वीकारले नाही. त्या तिघांना जे हवे होते ते इराणात आधीच सात-आठशे वर्षे चालत आले होते, हे ध्यानात घेऊन पुढचा इतिहास वाचावा.

आधी महिन्यांविषयी. इराणी वर्षाचे पहिले सहा महिने ३१ दिवसांचे, पुढचे पाच ३० दिवसांचे आणि शेवटचा इस्फंद २९ चा, लीप वर्षी ३० चा. फरवर्दीन, उर्दिबेहेश्त, खुर्दाद हा वसंत. तीर, मुर्दाद, शहरीवर हा उन्हाळा. मेहर, आबान, आझर हा शरद. दै, बहमन, इस्फंद हा हिवाळा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की पाठ करायला सोपे जावे म्हणून कोणीतरी हा क्रम लावला असावा. सोपे तर आहेच, पण कारण आकाशातले आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आहे. जुलैच्या सुरुवातीला ती सूर्यापासून सर्वांत दूर असते आणि तेव्हा तिची चाल मंदावते. जानेवारीच्या सुरुवातीला ती सर्वांत जवळ असते आणि वेगाने धावते. केप्लरने १६०९ मध्ये हा नियम मांडला, पण ऋतूंची लांबी असमान आहे हे ग्रीक ज्योतिष्यांनाही ठाऊक होते. वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंत सूर्याला सुमारे १८६ दिवस आणि दहा तास लागतात, परतीच्या अर्ध्याला जेमतेम १७९. आता सहा गुणिले एकतीस करून पाहा : १८६. इराणी वर्षाचे पहिले सहा महिने संपतात आणि मेहर लागतो, तेव्हा दिवस-रात्र पुन्हा समान झालेली असते. तीर महिन्याच्या पहिल्या दिवसाच्या आसपास सर्वांत मोठा दिवस येतो, दै लागण्याआधीची रात्र सर्वांत मोठी. ती रात्र इराणी लोक यल्दा म्हणून जागून काढतात, डाळिंबे आणि कलिंगडे खात. तारीख आणि ऋतू यांचा असा मेळ दुसऱ्या कोणत्याही चालू सरकारी कॅलेंडरात मला दिसत नाही.

ही कालगणना एका माणसाने एका बैठकीत शोधून काढलेली नाही. तिच्या मुळाशी झरथुष्ट्री कॅलेंडर आहे, आणि ते फार नेटके पण एका मोठ्या उणिवेसह जन्मलेले होते. बारा महिने प्रत्येकी तीस दिवसांचे, वर्षाला जोड म्हणून पाच दिवस, एकूण ३६५. इजिप्तमध्ये हीच पद्धत होती. प्रत्येक महिन्याला एका देवतेचे नाव आणि महिन्यातल्या प्रत्येक दिवसालाही एक नाव. महिन्याचे आणि दिवसाचे नाव एक आले की सण. मेहर महिन्यातला मेहर दिवस म्हणजे मेहेरगान, तीरमधला तीर दिवस म्हणजे तीरगान. सुंदर योजना. पण सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांहून जवळपास सहा तासांनी मोठे आहे. ते सहा तास कोणी हिशेबात धरले नाहीत, म्हणून नवरोज दर चार वर्षांनी ऋतूंच्या मानाने एक दिवस मागे सरकत राहिला. दर १२० वर्षांनी एक अख्खा महिना घालून ससानी राजे ही तूट भरून काढत, असे अल-बीरूनीने इ.स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या कालगणनांच्या ग्रंथात सांगितले आहे. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांना तो महिना खरोखर कधी घातला गेला का याचीच शंका आहे, आणि मला त्यांची बाजू जास्त पटते.

शेवटचा ससानी राजा यज्दगिर्द तिसरा ६३२ मध्ये गादीवर आला. त्याआधीच्या राजांच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या राज्यारोहणापासून नवा शक सुरू झाला. अरबांपुढे त्याचे राज्य कोसळले, तो पूर्वेकडे पळाला आणि ६५१ मध्ये मर्वजवळ मारला गेला. त्याच्यानंतर गादीवर कोणी आलेच नाही, म्हणून शक बदललाही नाही. यज्दगिर्दी सन तसाच चालू राहिला. आजही तो चालू आहे, आणि कुठे, ते पुढे येईलच.

इस्लामी सत्तेसोबत चांद्र हिजरी वर्ष आले. ते ३५४ दिवसांचे. ३३ सौर वर्षांत जवळपास ३४ चांद्र वर्षे बसतात. नमाज, रोजे, हज यांना ते पुरेसे होते, पण गहू चंद्र पाहून पिकत नाही. सारा वसूल करायचा तर पीक हाती आलेले असायला हवे. म्हणून खिलाफतीच्या महसूल खात्याने जुने पर्शियन नवरोज साऱ्याच्या हप्त्यासाठी ठेवून दिले होते. पण ते स्वतःच सरकत होते. खलीफा मुतवक्किल शिकारीला गेला असता त्याला शेतात हिरवे, न पिकलेले धान्य दिसले आणि साऱ्याची मुदत मात्र येऊन ठेपलेली, अशी हकीकत बीरूनी सांगतो. खलीफाने चौकशी केली, सुधारणेचा हुकूम दिला; ८६१ मध्ये त्याची हत्या झाली आणि काम अर्ध्यावर राहिले. ते पुरे केले खलीफा मुतदिदने ८९५ मध्ये. त्याने साऱ्याचा नवरोज थेट ११ जूनवर नेऊन ठेवला आणि सुर्यानी, म्हणजे जूलियन पद्धतीच्या लीप वर्षांना बांधला. कॅलेंडरांचा इतिहास लिहिताना धर्म आणि ज्योतिष यांचीच नावे पुढे येतात. मला या गोष्टीतला शेतकरी जास्त महत्त्वाचा वाटतो. पीक उभे असताना सारा भरायचा म्हणजे कर्ज काढायचे, आणि तारखेची चूक अशा कर्जाच्या रूपाने त्याच्या दारात उभी राहत होती.

हाच पेच पुढे दख्खनमध्येही आला आणि मराठी कागद वाचणाऱ्यांना तो ओळखीचा आहे. पेशवेकालीन पत्रांवर जो अरबी आकड्यांच्या नावांचा शुहूर सन दिसतो, ते वर्ष सौर असून ते सूर्य मृग नक्षत्रात शिरला की सुरू होते. म्हणूनच त्याला मृगसाल म्हणत. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. महिने आणि तारखा हिजरी, पण वर्ष पावसाबरोबर. इराणात वसंत धरला, इथे मृग धरला. दोन्हीकडे कारण एकच, महसूल.

यज्दगिर्दी नवरोज मागे मागे सरकत सबंध वर्षाची फेरी करू लागले होते. इ.स. १००० नंतर थोड्याच वर्षांत ते पुन्हा वसंतसंपाताजवळ येऊन पोचले, आणि न थांबता पुढची घसरण सुरू झाली. सेल्जुक सुलतान मलिकशाहच्या काळात नवरोज आला की सूर्य अजून मीन राशीच्या मध्याजवळ असे. मलिकशाहचे एक बिरुद होते जलालुद्दौला, आणि त्याचा वजीर होता निजामुल्मुल्क. इब्न अल-असीर हा इतिहासकार हिजरी ४६७, म्हणजे १०७४-७५ च्या घडामोडींत नोंदवतो की या दोघांनी नामवंत ज्योतिषी एकत्र केले आणि वेधशाळा उभारली. त्याने तीन नावे दिली आहेत : उमर खय्याम, अबुल मुजफ्फर इस्फिजारी आणि मैमून वासिती. राजधानी इस्फहान होती. काम तिथेच चालले. १५ मार्च १०७९ या जूलियन तारखेला नव्या गणनेचा पहिला दिवस धरला गेला. जुन्या कॅलेंडरात त्या दिवशी १९ फरवर्दीन होता. मधले अठरा दिवस त्यांनी सरळ मागे सोडले आणि संपाताचा दिवस हाच १ फरवर्दीन केला. सुलतानाच्या बिरुदावरून या गणनेला जलाली म्हणू लागले. युरोपात पोप ग्रेगरीने दहा दिवस गाळले ते १५८२ मध्ये, पाचशे तीन वर्षांनंतर.

१०९२ मध्ये आधी निजामुल्मुल्कचा खून झाला, काही आठवड्यांत सुलतानही वारला. वेधशाळेला आधार उरला नाही. अशी कामे तीस वर्षे चालावी लागतात, कारण शनीला सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला तेवढी वर्षे लागतात. त्यांना अठराच मिळाली. तरी जलाली गणना टिकली. मरागा आणि समरकंदच्या वेधशाळांनी तिला आपल्या कोष्टकांत जागा दिली. महिने मोजताना काही ज्योतिषी जुन्याप्रमाणे तीस-तीस दिवसांचे धरून पाच-सहा दिवस शेवटी जोडत, तर काही राशिसंक्रमणांनुसार मोजत. वर्षारंभ मात्र संपाताच्या दिवशीच.

इथे मला जरा थांबून खय्यामविषयी बोलायचे आहे. मराठी वाचक त्याला ओळखतो तो माधव जूलियनांच्या मराठी रुबायांमधून. तो त्याच्या काळात ओळखला जाई तो गणिती म्हणून. घन समीकरणे शांकवांच्या साहाय्याने सोडवणारा त्याचा ग्रंथ बीजगणिताच्या इतिहासात मोठ्या मानाचा आहे. म्हणूनच त्याच्या नावावर खपणाऱ्या एका दाव्याची शहानिशा व्हायला हवी. अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते की खय्यामने वर्षाची लांबी ३६५.२४२१९८५८१५६ दिवस अशी काढली. अकराव्या शतकात दशांशाची अकरा स्थळे! वेध घेण्याची त्या काळची साधने पाहता एवढी अचूकता अशक्य होती, आणि खय्यामच्या काळच्या कोणत्याही ग्रंथात हा आकडा नाही. मग तो आला कुठून? ६८३ ला २८२० ने भागून पाहा. ०.२४२१९८५८१५६ येते. विसाव्या शतकात जबीह बेहरूज आणि त्यांच्यामागून अहमद बीरश्क या इराणी अभ्यासकांनी २८२० वर्षांचे एक चक्र सुचवले, ज्यात ६८३ लीप वर्षे येतात. हा आकडा त्या चक्रातून निघतो. म्हणजे आधुनिक प्रस्तावाचे उत्तर नऊशे वर्षे मागे नेऊन खय्यामच्या तोंडी घातले गेले. थोर माणसाला असा उसना दागिना घालून त्याचा मान वाढत नाही. त्याने खरोखर केले ते झाकले मात्र जाते.

त्या चक्रात दुसरीही अडचण आहे, आणि ती ज्योतिषाच्या दृष्टीने जास्त शिकवणारी आहे. ऋतूंचे वर्ष म्हणून पुस्तकांत ३६५.२४२२ दिवस हा आकडा दिलेला असतो. ती सरासरी आहे. सूर्याने संपूर्ण क्रांतिवृत्त फिरायला घेतलेल्या वेळेची, कुठून सुरुवात केली याचा विचार न करता काढलेली. पण एका वसंतसंपातापासून पुढच्या वसंतसंपातापर्यंतचा काळ मोजला, तर सध्या तो ३६५.२४२४ च्या जवळ येतो. कारण संपातबिंदू दर वर्षी किंचित मागे सरकतो, तो सरकलेला तुकडा सूर्याला चालावा लागत नाही, आणि तो तुकडा कक्षेच्या कोणत्या भागात आहे यावर किती वेळ वाचला हे ठरते. पृथ्वीचा वेग सगळीकडे सारखा नसतो. फरक वर्षाला पंधरा-सोळा सेकंदांचा. २८२० वर्षांचे चक्र सरासरी वर्षाला जुळवलेले आहे, आणि इराणी वर्ष बांधलेले आहे वसंतसंपाताला. परिणाम लगेच दिसला. चक्राप्रमाणे लीप वर्ष १४०४ असायला हवे होते. आकाशाप्रमाणे ते १४०३ आले, आणि इराणने १४०३ च पाळले. याउलट ३३ वर्षांत आठ लीप वर्षे हा साधा क्रम, जो १३७० ते १४०३ मध्ये आपण वर पाहिला, ३६५.२४२४२ देतो. वसंतसंपाताच्या वर्षाशी त्याचा फरक पाचेक सेकंदांचा. ग्रेगरियन वर्षाचा सुमारे अकरा सेकंदांचा. हा क्रम खय्यामच्या मंडळाने नियम म्हणून लिहून ठेवला होता, असेही काही जण सांगतात. त्या मंडळाचे तसे लेखन आपल्यापर्यंत आलेले नाही. त्यांचे खरे धाडस वेगळे होते : आकड्याला नियम न बनवता त्यांनी सूर्याच्या प्रत्यक्ष स्थानाला नियम बनवले. ज्यांच्या हातात उत्तम गणित होते त्यांनी गणिताला आकाशाच्या हाताखाली ठेवले, ही गोष्ट मला त्या अकरा स्थळांपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

जलाली सुधारणा इराणात झाली, पण यज्दगिर्दी सन मेला नाही. झरथुष्ट्री समाजाने धार्मिक कामांसाठी तोच ठेवला, आणि त्यांच्यातले जे गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले त्यांच्यासोबत तो इकडे आला. मुंबईत पारशी नववर्ष ऑगस्टच्या मध्याला का येते, याचे उत्तर इथे आहे. ते ३६५ दिवसांचे, लीप दिवस नसलेले वर्ष आहे, आणि चौदाशे वर्षे दर चार वर्षांनी एक दिवस सरकत आले आहे. २०२५ मध्ये ते १५ ऑगस्टला होते. त्यातही एक उपकथा आहे. हिंदुस्थानातल्या पारशांनी, बहुधा बाराव्या शतकात, एकदा एक जास्तीचा महिना घातला. इराणातल्या त्यांच्या धर्मबंधूंनी घातला नाही. हा फरक कोणाच्या ध्यानात नव्हता. १७२० मध्ये केरमानहून जामास्प नावाचे दस्तूर, म्हणजे धर्मगुरू, सुरतेला आले तेव्हा दोन्हीकडच्या तारखांत तीस दिवसांचे अंतर असल्याचे उघड झाले. १७४५ मध्ये सुरतेतल्या काहींनी इराणी तारीख स्वीकारली. ते कदमी झाले. उरलेले शहनशाही. १८२० च्या दशकात मुंबईत कबीसा, म्हणजे तो अधिक महिना, यावर पुस्तके आणि पत्रके यांचा पाऊस पडला, घराघरांत तट पडले. शेवटी खरशेदजी रुस्तमजी कामा यांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये फसली पंथाची मंडळी पुढे आली : नवरोज २१ मार्चलाच, लीप दिवसासह. आजही मुंबईत जुलै, ऑगस्ट आणि मार्च अशा तीन नववर्षांचे पारशी आहेत. एका कालगणनेच्या इतिहासाचे तीन टप्पे एकाच शहरात जिवंत सापडावेत, हे भाग्य फार थोड्या विषयांना लाभते. कामा यांच्या नावाची प्राच्यविद्या संस्था फोर्टमध्ये आहे, आणि कदमी पक्षाचे मोठे पंडित मुल्ला फिरोज यांचा हस्तलिखितांचा संग्रह तिथेच ठेवलेला आहे.

अकबराचा इलाही सनही याच घराण्यातला. १५८४ मध्ये तो सुरू झाला, आरंभ मागे नेऊन १५५६ च्या नवरोजला धरला, महिन्यांची नावे फरवर्दीनपासून इस्फंदपर्यंत तीच. ती त्याच्या नाण्यांवरही आहेत. तो सिद्ध करणारा फतहुल्ला शीराजी अकबराकडे जाण्याआधी विजापूरला आदिलशाही दरबारात होता.

इराणात मधल्या शतकांत हिजरी चांद्र तारीख, तुर्की-मंगोल बारा प्राण्यांचे वर्षचक्र आणि राशींचे सौर महिने, सारे शेजारी शेजारी नांदत होते. संवैधानिक क्रांतीनंतरच्या दुसऱ्या मजलिसने, म्हणजे संसदेने, १९११ मध्ये सरकारी हिशेबासाठी राशींचे महिने ठरवले : हमल, सौर, जौजा, सरतान. हे आपले मेष, वृषभ, मिथुन, कर्कच. सूर्य ज्या राशीत जितके दिवस राही तितक्या दिवसांचा महिना, म्हणून कोणी २९ चा, कोणी ३२ चा. अफगाणिस्तानाने १९२२ मध्ये हीच नावे घेतली. ३१ मार्च १९२५ रोजी, म्हणजे ११ फरवर्दीन १३०४ ला, पाचव्या मजलिसने आजचा कायदा केला. गादीवर अजून काजार घराण्यातला अहमदशाह होता, रजाखान पंतप्रधान होता. कायद्याने अरबी राशिनामे जाऊन प्राचीन पर्शियन नावे आली, बारा प्राणी हद्दपार झाले, आणि महिन्यांची लांबी ३१-३०-२९ अशी कायमची ठरली. या नावांसाठी मजलिसमध्ये झटले ते झरथुष्ट्री प्रतिनिधी कैखुस्रो शाहरुख. वर्षाचा आरंभबिंदू मात्र पैगंबरांच्या हिजरतीचाच राहिला, इ.स. ६२२. मुसलमानी शक, झरथुष्ट्री महिने आणि सायन सूर्य या तीन गोष्टी एकाच तारखेत एकत्र आल्या. त्यातली एकही वगळायला इराणी समाज तयार नाही, हे १९७६ मध्ये कळून आले. महंमद रजा शाहने शक बदलून सायरसच्या राज्यारोहणापासून मोजायला लावला. १३५५ चे एका रात्रीत २५३५ झाले. लोकांना ते रुचले नाही, आणि १९७८ मध्ये, क्रांती होण्याच्याही आधी, त्याच्याच सरकारला तो मागे घ्यावा लागला. महिने आणि नवरोज यांना या काळात कोणी हात लावला नव्हता.

भारताचे राष्ट्रीय कॅलेंडर या इतिहासाचे जवळचे नातेवाईक आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सुचवलेले आणि २२ मार्च १९५७ पासून लागू झालेले हे सौर शक वर्षही सायन आहे, वसंतसंपाताला लागून सुरू होते, आणि त्यातही वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे आहेत; कारण तेच, सूर्याची उन्हाळ्यातली मंद चाल. पण एका ठिकाणी वाटा फुटल्या. साहा समितीने लीप वर्ष ग्रेगरियन लीप वर्षाला जोडले. त्यामुळे १ चैत्र नेहमी २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला येतो. कचेरीतल्या कारकुनाला कोष्टक लागत नाही. इराणने ही सोय नाकारली. दर वर्षी संपाताची वेळ काढायची, ती दुपारशी ताडून पाहायची आणि मगच कॅलेंडर छापायचे, हे काम त्यांनी स्वतःकडे ठेवले. शंभर वर्षे ते चालले आहे, कोणाचा व्यवहार त्यापायी अडलेला नाही. साहांनी सोय निवडली त्यामागची अडचण मी समजू शकतो. तीसेक प्रादेशिक पंचांगे असलेल्या देशाला एका रेषेत आणायचे होते. तरी मला वाटते की लेले-मोडक-दीक्षितांच्या भूमीत हे कॅलेंडर लोकांच्या भिंतीवर चढले नाही, याचे एक कारण या सोयीत आहे. ग्रेगरियन तारखेला कायमचे जोडलेले दुसरे कॅलेंडर कोणाला कशाला लागेल? इराणी माणसाला त्याची तारीख ग्रेगरियनवरून उतरवून घेता येत नाही, म्हणून ती त्याला स्वतंत्रपणे माहीत असावी लागते, आणि ती त्याला माहीत असते.